भोपळा भाजीत मोजायचा की भातात?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

आम्ही ओहायोत राहतो. घरात मी, नवरा आणि तीन वर्षांची मुलगी. दसऱ्यापासून सासू-सासरेही आलेत, एप्रिलपर्यंत राहतील. सासऱ्यांना, म्हणजे आप्पांना, बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे आणि गेल्या तपासणीत क्रिएटिनिन थोडं वाढलेलं निघालं. आम्ही सगळे शाकाहारी. इथे सप्टेंबर लागला की दुकानात बटरनट, एकॉर्न, काबोचा असे भोपळ्यांचे ढीग लागतात. मी ते आणायला लागले, तर आप्पा म्हणतात, ‘भोपळा म्हणजे नुसतं पाणी. फळ ते फळ. पोरीला आंबा-पपई दे.’ पपईने साखर वाढत नाही असं त्यांना कुणीतरी सांगितलंय, म्हणून स्वतः रोज रात्री पपईचा मोठा बोल भरून खातात. माझी मैत्रीण म्हणते स्क्वॉश, म्हणजे हेच भोपळे, सुपरफूड आहे, घरात तो असेल तर फळांची गरजच नाही. आणि मी एके ठिकाणी वाचलं की भोपळ्याचा ग्लायसेमिक इंडेक्स ७५ असतो, म्हणजे मधुमेहात तो नकोच. खरं काय धरू? फळांऐवजी स्क्वॉश चालेल का? कुठला घ्यावा? आणि आप्पांना आंबा पूर्ण बंद करू का?

– एक वाचक, ओहायो

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

फळांऐवजी स्क्वॉश नको आणि स्क्वॉशऐवजी फळंही नकोत. बटाट्याऐवजी स्क्वॉश आणा, आणि जेवणानंतरच्या मिठाईऐवजी फळ. तुमच्या घरासाठी माझं उत्तर हे आहे. पण आप्पांना पटवायचं तर कारणं हवीत, आणि ती सांगण्यासारखी आहेत.

आधी पाण्याचा मुद्दा. १०० ग्रॅम पपईत सुमारे ८८ ग्रॅम पाणी असतं, बटरनटमध्ये ८६ आणि आंब्यात ८३. म्हणजे पाण्यावरून नावं ठेवायची तर पपईचा नंबर आधी लागतो. हॅलोविनला दारात कोरून ठेवतात तो मोठा केशरी पम्पकिन मात्र खरोखर पाणचट, त्यात ९१ टक्क्यांहून जास्त पाणी. आप्पांच्या मनातला भोपळा बहुधा तो असावा. बटरनटचं अंग वेगळं आहे, घट्ट आणि पिठूळ.

आता कर्बोदकं. कच्च्या बटरनटच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४५ कॅलरी आणि पावणेबारा ग्रॅम कर्बोदकं असतात. पिकलेल्या पपईत ४३ कॅलरी आणि पावणेअकरा ग्रॅम. आप्पा ज्याला पाणी म्हणतात तो भोपळा आणि जिने साखर वाढत नाही असं त्यांना वाटतं ती पपई, या हिशेबात जवळपास बरोबरीला आहेत. आंबा थोडा वर, ६० कॅलरी आणि १५ ग्रॅम. खरा फरक कर्बोदकांच्या जातीत आहे. पपईत त्यातली जवळजवळ आठ ग्रॅम साखर असते, आंब्यात पावणेचौदा ग्रॅम. बटरनटमध्ये साखर जेमतेम सव्वादोन ग्रॅम, दोन ग्रॅम तंतुमय भाग आणि उरलेला बहुतेक स्टार्च. जिभेला गोड लागलं नाही म्हणून रक्तात साखर वाढणार नाही, असं होत नाही. स्टार्चचीही आतड्यात साखरच होते.

म्हणून माझं म्हणणं असं, की बटरनट ताटात भाजीच्या जागी वाढला तरी हिशेबात त्याला निम्मा भातात धरावा. मेथी, कोबी, दुधी, पडवळ मधुमेही माणसाने पोटभर खावेत. बटरनटची भाजी वाटीभर खाल्ली, म्हणजे साधारण १५० ग्रॅम, तर सतरा-अठरा ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली. हा एका मध्यम फुलक्याचा ऐवज आहे, तेव्हा त्या जेवणात एक फुलका कमी करायचा. आणि हाच हिशेब आप्पांच्या पपईला लावून पाहा. मोठा बोल भरून पपई म्हणजे सहज ३०० ग्रॅम. त्यात बत्तीसेक ग्रॅम कर्बोदकं आली, म्हणजे दोन फुलके, तेही रात्री जेवण झाल्यावर. पपई वाईट नाही, पण पपईने साखर वाढत नाही हे ज्यांनी त्यांना सांगितलं त्यांनी अर्धवट सांगितलं. १००-१२० ग्रॅम, म्हणजे छोटी वाटीभर फोडी, एवढी त्यांची मापाची पपई. मोठा बोल टेबलावरून उचला आणि आप्पांसाठी छोटी वाटी ठरवून टाका. भांडं बदललं की रोज बोलावं लागत नाही, आणि वडीलधाऱ्या माणसाला रोज टोकणं तुम्हालाही जड जात असणार.

आता तो ७५चा आकडा. तो खोटा नाही, पण तुम्हाला घाबरवण्याइतका मोठाही नाही. ग्लायसेमिक इंडेक्स काढताना माणसाला सहसा ५० ग्रॅम कर्बोदकं मिळतील इतका पदार्थ खायला देतात आणि रक्तातली साखर किती वेगाने चढते ते ग्लुकोजशी ताडून पाहतात. पम्पकिनमध्ये १०० ग्रॅमला साडेसहा ग्रॅमच कर्बोदकं असतात. ५० ग्रॅम मिळवायला पाऊण किलो भोपळा खावा लागेल. इतका एका बैठकीत कोण खातं? म्हणून वेग आणि प्रमाण दोन्ही धरणारं ग्लायसेमिक लोड हे माप जास्त उपयोगाचं. ८० ग्रॅम पम्पकिनचं लोड तीनच्या आसपास येतं. आंब्याचा इंडेक्स ५१च्या घरात, म्हणजे भोपळ्यापेक्षा कमी, पण १२० ग्रॅम आंब्याचं लोड आठच्या आसपास जातं. दहापर्यंतचं लोड कमी समजतात, तेव्हा मापात खाल्लं तर दोन्ही सुरक्षित बाजूलाच आहेत. नुसत्या इंडेक्सवरून पदार्थ पास-नापास करणं मला अजिबात पटत नाही. त्या आकड्यापायी कितीतरी मधुमेही लोकांनी गाजर आणि भोपळा सोडला आणि बिस्किटं चालू ठेवली, याचं मला फार वाईट वाटतं.

तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं कुठे बरोबर आहे ते आता सांगते, कारण बटरनटची मोठी बाजू इथे आहे. त्याचा केशरी रंग कॅरोटीनचा, आणि बीटा-कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं. १०० ग्रॅम बटरनटमधून सुमारे ५३० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व मिळू शकतं. तेवढ्याच आंब्यातून ५४ आणि पपईतून ४७. दहापट फरक! मोठ्या बाईला दिवसाला ७०० मायक्रोग्रॅम लागतं, एक ते तीन वर्षांच्या मुलाला ३००. तुमच्या लेकीने अर्धी वाटी शिजवलेला बटरनट खाल्ला की तिची दिवसाची गरज भागली. हापूससारख्या गर्द केशरी गराच्या आंब्यात कॅरोटीन फिक्या आंब्यापेक्षा जास्त असतं, तरी बटरनटची बरोबरी व्हायची नाही.

पण क जीवनसत्त्वाला हे लागू नाही. पपईत १०० ग्रॅमला ६० मिलिग्रॅमच्या वर, अननसात ४८, आंब्यात ३६. बटरनटमध्ये कच्चा असताना २१ आणि भाजल्यावर १५च्या आसपास, कारण उष्णतेने ते कमी होतं. आणि भोपळा आपण शिजवूनच खातो. फळ कापून तसंच तोंडात टाकतो म्हणून त्यातलं क बहुतेक सगळं पोटात जातं. तुमचं घर शाकाहारी आहे, म्हणून हा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पालक, मटकी, हरभरा, बाजरी यांतलं लोह शरीराला सहजासहजी मिळत नाही, सोबत क जीवनसत्त्व असेल तर जास्त शोषलं जातं. तेव्हा पपईच्या फोडी रात्री नऊला टीव्हीसमोर खाण्यापेक्षा उसळ-भाकरीच्या ताटातच वाढा, मुलीच्याही आणि तुमच्याही. तिला दिवसाला १५ मिलिग्रॅम क पुरतं, म्हणजे दोन-तीन छोट्या फोडी. मिळाला तर पेरू आणा. त्यात १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमहून जास्त क आणि पाच ग्रॅमच्या वर तंतुमय भाग, म्हणजे आंबा-पपई दोघांनाही मागे टाकणारं फळ. थंडीत इथल्या मेक्सिकन दुकानांत चौकशी करा.

लाल गराच्या पपईत लायकोपीन हे आणखी एक रंगद्रव्य असतं, टोमॅटोत असतं तेच. बटरनटमध्ये ते नसतं. म्हणजे मैत्रिणीचं ‘फळांची गरजच नाही’ हेही टिकत नाही.

कॅरोटीन तेला-तुपाशिवाय नीट शोषलं जात नाही. नुसता उकडून मीठ लावलेला भोपळा ‘डाएट’ म्हणून खाणारे त्याचा निम्मा फायदा घालवतात. आपली जुनी पद्धत इथे शंभर टक्के बरोबर आहे. तेलात मोहरी-मेथीदाण्याची फोडणी, वर ओलं खोबरं. किंवा भोपळा वाफवून कुस्करायचा, त्यात दही घालायचं आणि वरून तुपाची मिरची-जिऱ्याची फोडणी, म्हणजे भरीत. माणशी चमचाभर तेल किंवा तूप पुरतं. मुलीने रोज भरपूर खाल्ला आणि तळहात-तळपाय, नाकाचा शेंडा पिवळसर दिसायला लागला तर दचकू नका. ते कॅरोटीन कातडीत साठल्यामुळे होतं, अपाय नसतो आणि प्रमाण कमी केलं की जातं. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला तर मात्र ती कावीळ असू शकते. मग थेट डॉक्टर.

कुठला घ्यावा? पौष्टिकतेसाठी बटरनट आणि काबोचा. बटरनट आपल्याकडच्या लाल भोपळ्याच्याच जातीचा आहे, कुकुर्बिटा मोशाटा. तुमच्या सासूबाईंना तो हाताला लगेच ओळखीचा वाटेल. आप्पांना एक गोष्ट आवर्जून सांगा. ही जात अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली आणि पपईही तिथलीच. दोन्ही समुद्रापलीकडून आपल्याकडे आली आणि आपली झाली. आंबा तेवढा मुळापासून आपल्या बाजूचा. भोपळा ओहायोतही उन्हाळ्यातच वाढतो, हिमकण पडायच्या आत काढतात आणि जाड सालीमुळे थंडीभर टिकतो. इथले मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकाच शेतात लावत आले. मक्याच्या भाकरीबरोबर राजम्याची उसळ आणि भोपळ्याची भाजी एकदा करून पाहा. मक्या-घेवड्यातली प्रथिनं एकमेकांची उणीव भरतात आणि अ जीवनसत्त्व भोपळ्यातून येतं. शाकाहारी घराला याहून चांगलं थंडीतलं जेवण मला सुचत नाही.

काबोचा दुसऱ्या जातीचा, गर कोरडा आणि घट्ट. घारग्यांसाठी तो जास्त चांगला, कारण पाणी कमी सुटतं आणि पीठ कमी खातो. (घारगे आप्पांसाठी नाहीत. गूळ आणि तळण दोन्ही आहे.) मेक्सिकन किंवा कॅरिबियन दुकानात ‘कालाबासा’ म्हणून मोठ्या फोडी कापून विकतात, तोही मोशाटाच, आणि चवीला लाल भोपळ्याच्या अगदी जवळ. हिरवा, खाचांचा एकॉर्न दिसायला देखणा, पण गर फिका आणि अ जीवनसत्त्व नगण्य. स्पॅगेटी स्क्वॉशचे शेवयांसारखे धागे निघतात. कर्बोदकं सातेक ग्रॅमच, म्हणून आप्पांना पोटभर खायला चांगला, पण त्यातूनही बटरनटसारखं अ मिळणार नाही. डब्यातला पम्पकिनचा गर घ्यायला हरकत नाही, फक्त डब्यावर घटकांत एकटा पम्पकिनच लिहिलेला हवा. शेजारीच ‘पाय फिलिंग’चा डबा असतो, त्यात साखर असते.

बटरनट निवडताना मान लांब आणि जाड बघा. बिया फक्त खालच्या फुगीर भागात असतात, मान सगळी भरीव गराची. साल फिकट बदामी, मळकट वाटावी अशी, चकाकी नसलेली. हिरवे पट्टे असतील तर तो कोवळा काढलाय. नखाने टोचलं तर नख शिरता कामा नये. देठ शाबूत हवा, देठ तुटला की तिथूनच कुजायला लागतो. अख्खा बटरनट फ्रिजमध्ये ठेवू नका. १० ते १३ अंश सेल्सियसला, कोरड्या जागी तो दोन-तीन महिने टिकतो आणि पहिल्या काही आठवड्यांत आतला स्टार्च हळूहळू साखरेत बदलून जास्त गोड होतो. म्हणजे ऑक्टोबरातला बटरनट डिसेंबरात जास्त चवदार लागतो. तळघराचा थंड कोपरा यासाठी उत्तम. गॅरेज नको, जानेवारीत तिथे गोठेल. कापल्यावर मात्र झाकून फ्रिजमध्ये आणि चार-पाच दिवसांत संपवायचा.

सोलताना काळजी घ्या. कच्च्या बटरनटच्या सालीखालून चिकट रस सुटतो. तो बोटांवर वाळला की कातडी ताणल्यासारखी होते, केशरी पापुद्रा धरतो आणि साबणानेही पटकन निघत नाही. काहींच्या हातांची सालपटं निघतात. हाताला आधी तेल लावा किंवा हातमोजे घाला. सोपी वाट म्हणजे उभा चिरून, बिया काढून, कापलेली बाजू खाली ठेवून ४०० फॅरनहाइटला पाऊण तास भाजायचा. मग गर चमच्याने निघतो. बिया टाकू नका. धुऊन, वाळवून, मंद आचेवर परता. सोललेल्या २८ ग्रॅम बियांत आठेक ग्रॅम प्रथिनं असतात, शिवाय मॅग्नेशियम आणि जस्त. लसूण-मिरची घालून कुटलेली चटणी भाकरीबरोबर छान लागते.

आणि एक नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा. भोपळा कुठलाही असो, घास कडू लागला तर थुंकायचा आणि अख्खी भाजी टाकून द्यायची. ‘टाकवत नाही’ म्हणून खायची नाही. कडवटपणा कुकुर्बिटासिन या द्रव्यांचा असतो, त्यांनी जोराच्या उलट्या-जुलाब होतात आणि शिजवूनही ती जात नाहीत. कडू दुधीचा रस पिऊन आपल्याकडे माणसं दगावली आहेत. दुकानात शोभेसाठी मिळणारे छोटे रंगीत, गाठीगाठींचे भोपळे तर खायचे नसतातच.

आता आप्पांचं क्रिएटिनिन. मूत्रपिंडाचा प्रश्न आला की पोटॅशियम बघावं लागतं आणि इथे बटरनट जड आहे. १०० ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम, म्हणजे केळ्याएवढं. पपईत १८०, आंब्यात १७०च्या आत, अननसात ११०. पेरूत ४००च्या वर, म्हणून तुमच्यासाठी मी पेरू सुचवला तरी आप्पांसाठी आधी विचारून. पण क्रिएटिनिन थोडं वाढलं म्हणजे लगेच पोटॅशियम बंद, असं नसतं. रक्तातलं पोटॅशियम आणि ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती गाळतात त्याचा अंदाज, हे दोन आकडे डॉक्टरांना विचारा. ते ठीक असतील तर आठवड्यातून दोन-तीनदा छोटी वाटी भोपळ्याला सहसा कुणी हरकत घेणार नाही. पोटॅशियम वाढलेलं असेल तर फोडी बारीक करून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि पाणी फेकून द्यायचं, त्याने ते बरंच कमी होतं. आपण एरवी भाजीचं पाणी टाकू नये म्हणतो, इथे मात्र टाकायचंच. आणि स्टारफ्रूट, आपलं कमरख, आप्पांना अजिबात द्यायचं नाही, रसही नाही. त्यातलं द्रव्य कमजोर मूत्रपिंडांना बाहेर टाकता येत नाही आणि उचक्या, गोंधळलेपण, झटके इथपर्यंत जातं. इथल्या दुकानांत ते सजावटीसाठी कापून फळांच्या ट्रेमध्येही ठेवलेलं असतं, तेव्हा कुणाकडे पार्टीला गेलात तर बघून वाढा.

आंब्याकडे येते. ओहायोत थंडीत मिळणारा आंबा बहुतेक पेरू देश, इक्वेडोर, ब्राझीलहून येतो, लांबच्या प्रवासासाठी कडक असतानाच काढलेला आणि फळमाशीच्या बंदोबस्तासाठी तासाहून जास्त गरम पाण्यात बुडवून ठेवलेला. त्यात टॉमी ॲटकिन्स जातीचा मिळाला तर लालबुंद साल आणि आत धागेच धागे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यावर पैसे घालू नका. त्या दिवसांत बटरनट ऐन भरात असतो, तोच खा. सोबत थोडी पपई किंवा इथली संत्री. पपई घेताना साल निदान एक तृतीयांश पिवळी झालेली घ्या. झाडावरून उतरल्यावर ती मऊ होते, पण तिच्यात साखर फारशी वाढत नाही, कारण साखर होण्यासाठी तिच्यात स्टार्चचा साठाच नसतो. आंब्यात असतो, म्हणून आंबा अढीत गोड होतो. कापण्याआधी पपईची साल वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा.

मार्चमध्ये मेक्सिकोचा अटाउल्फो सुरू होतो. पिवळा, छोटा, चपटा, पातळ कोयीचा आणि धागे जवळजवळ नसलेला. टॉमीपेक्षा त्यात क जीवनसत्त्व आणि कॅरोटीन दोन्ही चांगलंच जास्त. हिरवट-पिवळा आणून ओट्यावर ठेवा. साल सोनेरी होऊन किंचित सुरकुतली की मगच कापा. मग पिकलेले फ्रिजमध्ये. आपला हापूस-केसर अमेरिकेत २००७पासून पुन्हा यायला लागला, लासलगावच्या किरणोत्सर्ग केंद्रातून प्रक्रिया होऊन त्या वर्षी पहिली खेप आली होती. पण तो साधारण एप्रिलच्या मध्यापासून येतो आणि महाग असतो. आप्पा परत जाऊन घरीच खातील. मुलीला आंबा देताना साल तोंडाला लागू देऊ नका. आंबा बिब्ब्याच्या आणि तुमच्याकडच्या पॉयझन आयव्ही या खाजऱ्या वेलीच्या कुळातला. ज्यांना आयव्ही उतते त्यांच्या ओठांभोवती आंब्याच्या चिकानेही पुरळ येऊ शकते.

तेव्हा आप्पांना आंबा बंद करू नका. मधुमेही माणसाचा आंबा बंद केला की तो चोरून खातो, आणि चोरून खाल्लेल्या आंब्याला माप नसतं. मार्च-एप्रिलमध्ये आठवड्यातून दोन-तीनदा अर्धा अटाउल्फो, फोडी करून, दुपारच्या जेवणातच. साधारण दहा-बारा ग्रॅम कर्बोदकं होतात. त्या जेवणात अर्धी मूद भात कमी, आणि त्या दिवशी पपईला सुट्टी. आमरस आणि मँगो मिल्कशेक नको, वाटीभर रसात दोन-तीन आंबे कधी गेले ते कळत नाही. डब्यातला रस तर नकोच. बहुतेक डब्यांत वरून साखर घातलेली असते, सासूबाईंनाही लेबल वाचून दाखवा. पहिल्या खेपेला जेवायच्या आधी आणि जेवायला बसल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर तपासा. दुसरा आकडा १८०च्या आत असेल तर एवढं माप त्यांना झेपतंय. वर गेला तर आंबा पाव करा आणि पुन्हा तपासा. बटरनटची भाजी खाल्ल्याच्या दिवशीही असंच दोनदा तपासून वहीत तारखेसह लिहून ठेवा, आणि परत जातील तेव्हा ती वही त्यांच्याबरोबर द्या, म्हणजे तिथले डॉक्टर त्यावरून औषधाचं ठरवतील.